तो किती वाजता पोहोचेल?

ही एका जूनमधली गोष्ट. साताऱ्यात आमचे शेजारी शुक्रवारी रात्री ११ वाजता गेले. एकुलता एक मुलगा न्यूयॉर्कला. त्याला फोन झाला आणि जमलेल्या माणसांपुढे एकच प्रश्न उरला, थांबायचं का? माझी हयात भूगोल शिकवण्यात गेलेली, म्हणून वहिनी माझ्याकडेच वळल्या. "भाऊजी, तो किती वाजता पोहोचेल, तेवढं नक्की सांगा."

मुलाला थेट विमान मिळालं होतं. तिथून शुक्रवारी रात्री ८ ला सुटणार, मुंबईला शनिवारी संध्याकाळी ७:३० ला उतरणार. एकाने लगेच वजाबाकी केली, "साडेतेवीस तास!" दुसरा म्हणाला, "आठ तर केव्हाच वाजून गेले. विमान सुटलंसुद्धा."

दोघेही चुकले, कारण तिकिटावरची वेळ त्या त्या गावच्या घड्याळाची असते. उन्हाळ्यात न्यूयॉर्क आपल्यामागे साडेनऊ तास असतं, हिवाळ्यात साडेदहा. तिथे वर्षातून दोनदा घड्याळं सरकवतात. तेव्हा आधी सगळं आपल्या घड्याळात आणायचं. तिथले शुक्रवारी रात्रीचे ८ म्हणजे आपले शनिवारी पहाटेचे ५:३०. तिथपासून संध्याकाळी साडेसातपर्यंत चौदा तास.

वहिनींना पटेना. एवढ्या लांबून चौदा तासांत? माझ्या घरी पृथ्वीचा गोल होता, पण ती वेळ गोल दाखवायची नव्हती. तुम्ही मात्र करून पाहा. मुंबई आणि न्यूयॉर्कवर दोऱ्याची टोकं धरून तो ताणा. दोरा अरबस्तानाकडे जात नाही, उत्तरेला झुकतो. अफगाणिस्तान, कझाकस्तान, मॉस्कोचा परिसर, नॉर्वे, आणि ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाला जवळजवळ चाटून खाली उतरतो. हे अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर. भिंतीवरच्या नेहमीच्या नकाशात पट्टीने आखलेल्या सरळ रेषेवरून गेलात, तर सुमारे १४,२०० होतील! ताशी नऊशेच्या वेगाने साडेबारा हजारांना चौदा तास लागतात.

अर्थात विमान दोऱ्यावरून जातंच असं नाही. दहा-अकरा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. ते येताना पाठीशी असतात, जाताना तोंडावर; म्हणून जायला दोनेक तास जास्त लागतात. शिवाय देशांची भांडणं आकाशातही असतात. पाकिस्तानने २०१९ मध्ये काही महिने आणि पुन्हा एप्रिल २०२५ मध्ये आपली हद्द बंद केली, तेव्हा आपल्या विमानांना वळसा पडला होता.

वहिनींना या वाऱ्यांशी काय देणंघेणं? त्यांना मुलगा दारात किती वाजता येतो, तेच हवं होतं. मी हिशेब पुढे नेला. साडेसातला उतरणं, तपासणी आणि सामान दीड तास, मग गाडीने साडेपाच तास. रात्रीचे अडीच.

थांबायचं ठरलं. शवपेटी मागवली. अंत्यविधी रविवारी सकाळी.

अडीचला कुणी आलं नाही. मी ओसरीवर बसून पुन्हा बोटं मोजत होतो. खंबाटकी घाटात एक ट्रक बंद पडला होता, तो काही माझ्या हिशेबात नव्हता. सव्वातीनला गाडी थांबली. वहिनी तोवर फाटकाशी जाऊन उभ्या होत्या.