अडलेला दात आणि अपुरा राहणारा उपचार
(वार्षिक सभेत रुग्णालयाच्या प्रशासकांनी केलेले भाषण)



मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. दंतवैद्यकावर बोलण्याचा माझा अधिकार नाही. तथापि बालकांच्या अडलेल्या पुढच्या दातांच्या उपचारांचा हिशेब ठेवताना जे ध्यानात आले, ते आपणांसमोर मांडतो.

वरचे मधले कायमचे पटाशीचे दात साधारणतः 7 ते 8 वर्षांच्या वयात येतात. एक दात येऊन 6 महिने लोटले तरी जोडीचा दात न येणे, अथवा त्याच्याआधी शेजारचा दात येणे, ही तपासणीची वेळ समजावी. कधी जबड्यातील जादा दात वाट अडवतो. कधी लहानपणी पडल्यामुळे दुधाचा दात हिरडीत रुततो आणि आत घडत असलेल्या कायमच्या दातास इजा होते. असा दात पुढे डागाळलेला किंवा मुळाशी वाकलेला निघतो. दुधाचा दात पडणारच, या समजुतीने त्या अपघाताकडे दुर्लक्ष होते. परिणाम मात्र काही वर्षांनी दिसतो.

क्ष-किरण तपासणीनंतर जादा दात काढून तारांनी जागा केली, की कित्येकदा दात आपोआप उतरतो. न उतरल्यास हिरडी उघडून दातावर बारीक साखळी चिकटवतात व हलक्या ताणाने तो ओळीत आणतात. अधिक जोर लावल्यास मुळास अपाय होतो. म्हणून हे काम कित्येक महिने, प्रसंगी वर्षाहून अधिक चालते. दात वाचवणे अशक्य झाल्यास तात्पुरत्या कृत्रिम दाताने जागा राखावी लागते, कारण जबड्याची वाढ पूर्ण होईपर्यंत इम्प्लांट बसवणे योग्य नसते.

खरी अडचण येथेच आहे. शस्त्रक्रिया एका दिवसाची. तिच्यासाठी दाते पुढे येतात. परंतु त्यानंतरच्या प्रत्येक फेरीचे एस. टी. भाडे आणि पालकांची बुडालेली मजुरी कोणत्याही देयकात दिसत नाही. फेऱ्या थांबल्या, की ओढला जाणारा दात मध्येच थांबतो. साखळी निसटली तर पुन्हा हिरडी उघडावी लागते. आपल्या दानाचे फळ त्या बालकाच्या पदरी पडत नाही.

म्हणून देणगीदारांना नम्र विनंती, की एका शस्त्रक्रियेऐवजी एका बालकाच्या संपूर्ण उपचाराचा, प्रवासखर्चासह, भार उचलावा. पालकांनीही "येईल उशिरा" म्हणून थांबू नये. हसताना तोंडावर हात ठेवणाऱ्या मुलाला आपण एवढे निश्चितच देऊ शकतो.