धर्म आणि देश : बेने इस्रायल समाजाचे उदाहरण



“आधी धर्म की आधी देश?” हा प्रश्न आपल्या मुलांना अधूनमधून ऐकावा लागतो. उत्तरासाठी दूर जायला नको. कोकणातील बेने इस्रायल समाजाकडे पाहावे.

हे यहुदी लोक पूर्वी कुलाबा जिल्ह्यात तेलाचे घाणे चालवीत. शनिवार हा त्यांचा विश्रांतीचा पवित्र दिवस. त्या दिवशी घाणा बंद. म्हणून लोक त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. धर्म असा निष्ठेने पाळला. पण घरची भाषा मराठी आणि आडनावे आपल्या कोकणी मुसलमानांसारखीच गावावरून पडलेली : केहीमकर, दिवेकर, पेणकर. १७९६ साली त्यांनी मुंबईत प्रार्थनामंदिर उभारले, १८७५ साली शाळा काढली. १९३७ साली त्यांच्यातील डॉ. ई. मोझेस मुंबईचे महापौर झाले.

१९४८ नंतर पुष्कळजण इस्रायलला गेले. तेथे धर्मगुरूंनी त्यांच्या यहुदीपणाबद्दलच शंका घेतली. त्यांनी चळवळ केली आणि १९६४ साली ते सर्व दृष्टींनी यहुदीच आहेत, असे तेथील सरकारने जाहीर केले. तरीही मराठी त्यांनी टाकली नाही. ‘मायबोली’ नावाचे नियतकालिक तेथे काढले.

मित्रांनो, यावरून दोन गोष्टी ध्यानात घ्या. नमाज-रोजा आणि देशाची सेवा यांत निवड करावी लागत नाही. दोन्ही कर्तव्ये एकाच माणसाने पार पाडायची असतात. आणि जी परीक्षा आपल्याला बोचते, ती आपण दुसऱ्या कोणाची घेऊ नये.