जुन्या विलायती बंदुका : लिलाव, आयात आणि आपली घरे



वसंतातल्या संध्याकाळी बंदुकीचा विषय काढावा, याचे आपणांपैकी काहींना नवल वाटेल. परंतु कोकणात बंदूक ही केवळ हौशी शिकाऱ्याची वस्तू नव्हे. रानडुकरांपासून भात आणि माकडांपासून बाग राखायची, म्हणून ती घरात आली. आता लंडनच्या लिलावांच्या याद्या घरबसल्या पाहता येतात. आणि परदेशी असलेल्या मुलाकरवी एखादी जुनी विलायती दुनळी मागवावी, असा मोह होतो. म्हणून आज तीन प्रश्नांचा विचार करू. अशा बंदुकीत पाहावे काय? ती येथे आणता येते काय? आणि घरात जी आधीच आहे, तिचे करावे काय?

प्रथम नावाविषयी. पर्डी ही पेढी १८१४ सालची, हॉलंड अँड हॉलंड १८३५ची. बर्मिंगहॅमच्या वेस्टली रिचर्ड्स यांच्याकडे अँसन आणि डीली या दोघांनी १८७५ साली घोडे आत दडवलेली, मोजक्या भागांची रचना काढली. तिची नक्कल पुढे जगभर झाली. या नावांना लिलावात भाव येतो तो उगाच नव्हे. पण कोरलेले नाव पुष्कळदा विकणाऱ्याचे असते, घडवणाऱ्याचे नसते. हिंदुस्थानातल्या दुकानांची नावे मिरवणाऱ्या कित्येक बंदुका बर्मिंगहॅमच्या कारखान्यांतच तयार झाल्या.

तेव्हा नावापेक्षा नळी पाहावी. इंग्लंडात प्रत्येक नळीत जादा दारूचा बार उडवून तिची कसोटी घेतात आणि मग तिच्यावर शिक्का मारतात. लंडनच्या बंदूककारांच्या मंडळाला १६३७ साली सनद मिळाली. बर्मिंगहॅमचे कसोटीगृह १८१३ सालचे. काही नळ्यांची कसोटी केवळ काळ्या दारूवर झालेली असते. तीत आजचे धूरविरहित दारूचे काडतूस घातले, तर नळी फाटून हात जाण्याचा धोका आहे. लोखंड आणि पोलाद यांच्या पट्ट्या पिळून केलेल्या जुन्या नळ्यांवरची नक्षी डोळ्यांना मोहवते. पण तिच्यावर भरवसा ठेवावा तो शिक्का वाचूनच.

दुसरी गोष्ट काडतुसाच्या घराची. बारा बोअर म्हणजे एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या, तर त्यांतल्या एकीचा जो व्यास, तेवढी नळी. सुमारे साडेअठरा मिलिमीटर. बोअर तोच असला, तरी जुन्या इंग्रजी बंदुकीत काडतुसाचे घर बहुधा अडीच इंचांचे असते आणि आजची काडतुसे पुष्कळदा पावणेतीन इंचांची. शिवाय गंज घासून घासून नळी आतून पातळ झाली, तर जुना शिक्का निरर्थक ठरतो. अशी बंदूक वापरासाठी विकणे हा इंग्लंडात १८६८च्या कायद्याने गुन्हा आहे. एवढे पाहून बोली लावली, तरी पुकारलेल्या किमतीवर लिलावगृहाचे कमिशन आणि कर चढतात, हे विसरू नये.

आता आयात. १९५९च्या शस्त्र कायद्याच्या दहाव्या कलमाप्रमाणे परवान्यावाचून बंदूक देशात आणता येत नाही. आणि १९८०च्या दशकापासून सामान्य नागरिकाला ती वाट जवळजवळ बंदच आहे. नामांकित नेमबाज आणि कायमचे मायदेशी परतणारे लोक एवढ्यांनाच अपवाद. तोही परतणाऱ्याने परदेशात स्वतः वापरलेल्या एका बंदुकीपुरता आणि येथला परवाना असेल तरच. काल लिलावात घेतलेली बंदूक त्यात बसत नाही. “जुनी आहे, मग परवाना कशाला?” असे काही जण विचारतात. पंचेचाळिसाव्या कलमात सवलत आहे. पण ती दुरुस्त करूनही चालणार नाही अशाच शस्त्राला. चालू स्थितीतली पर्डी शंभर वर्षांची झाली, तरी ती बंदूकच.

श्रोतेहो, म्हणून लंडनकडचे डोळे जरा आपल्या माळ्याकडे वळवावेत. १८७८ साली लिटनच्या सरकारने शस्त्र कायदा करून देश निःशस्त्र केला. राष्ट्रसभेने आरंभीच्या काळातच त्याविरुद्ध ठराव केला. त्या कडक अमलातही ज्या थोड्या घरांना परवाने मिळाले, त्यांतल्या काही बंदुका अजून कापडात गुंडाळलेल्या सापडतात. आजोबा गेले, परवाना संपला, आणि नातवाला ती केवळ आठवण वाटते. कायद्याच्या दृष्टीने मात्र ते विनापरवाना शस्त्र. त्याला तुरुंगवासाची शिक्षा आहे.

यावर उपाय आहे. एकविसाव्या कलमाप्रमाणे ती विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी, पावती घ्यावी आणि वारसाने आपल्या नावे परवाना मागावा. २०१६च्या नियमांत वारसांसाठी तशी तरतूद आहे. परवानाधारक सत्तर वर्षांचा झाला, किंवा बंदूक पंचवीस वर्षे त्याच्याकडे असली, तर हयातीतच ती वारसाकडे देण्यासाठी अर्ज करता येतो. २०१९च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच बंदुका ठेवता येतात, हेही ध्यानात असावे. ज्यांना नुसती पीकराखण करायची आहे, त्यांच्यासाठी कायद्याने ठासणीच्या बंदुकीचा परवाना मुळातच वेगळा ठेवला आहे.

कागद वेळेवर झाले नाहीत, तर शंभर वर्षांपूर्वीच्या कारागिराचे काम जप्तीच्या खोलीत गंजून जाते. लिलावात पैसे मोजून ते परत मिळत नाही. तेव्हा घरातल्या वडीलधाऱ्यांनी हयातीतच मुलांना बंदूक दाखवावी, परवाना दाखवावा आणि अर्ज करून टाकावा, एवढीच आमची विनंती आहे.