कात्रणांची खोकी आणि शोधाचे शब्द



संगणकावर माहिती कशी शोधली जाते यावर बोल, असं मला सांगितलं तेव्हा डोळ्यांपुढे आली ती आपली कात्रणांची खोकी. त्यात ‘स्त्री’ हा शब्द शोधायला गेलात तर सगळीच खोकी उपसावी लागतील. ‘सातबारा’ शोधलात तर मोजकीच कात्रणं हाती येतील. जो शब्द थोड्याच कागदांत येतो, त्याला शोधताना जास्त वजन द्यावं, हे तत्त्व १९७२ मध्ये केंब्रिजच्या कॅरन स्पार्क जोन्स यांनी मांडलं. पुढे शोधयंत्रांनी ते सर्रास वापरलं. या बाई मात्र कित्येक वर्षं अनुदानावरच्या, मुदतीच्या नोकऱ्या करत राहिल्या. प्राध्यापकपद मिळालं ते १९९९ मध्ये, साठी उलटल्यावर! संगणकाचं क्षेत्र पुरुषांवर सोडून देण्याइतकं किरकोळ नाही, असं त्या म्हणत.

मला त्यांचं त्याआधीचं काम जास्त जवळचं वाटतं. १९६४ च्या प्रबंधात त्या समानार्थी शब्दांच्या मागे लागल्या होत्या. यंत्राला अक्षरं कळतात, एकाच गोष्टीला माणसं दहा नावं देतात ते कसं कळावं?

आम्ही कात्रणांची सूची संगणकावर घातली आणि ‘हुंडाबळी’ शोधलं. थोडीच सापडली. एक कार्यकर्ती म्हणाली, “अगं, याहून कितीतरी जास्त आहेत, मीच कापलीत.” खोकी उघडली. बातम्या होत्या, पण मथळे होते ‘स्टोव्हचा भडका’, ‘विहिरीत पडून विवाहितेचा मृत्यू’. बातमीदाराने पोलिसांचे शब्द घेतले होते, पोलिसांनी सासरच्यांचे, आणि आमच्या सूचीने तेच इमानाने जपले होते.

त्यात आपली मराठी. सासर, सासरी, सासरच्यांनी हे साध्या यंत्राला तीन वेगळे शब्द. आणि कायद्याचे आकडेही बदलले. १ जुलै २०२४ पासून ४९८अ च्या जागी भारतीय न्याय संहितेचं कलम ८५ आलं, ३०४ब च्या जागी ८०. नुसता जुना आकडा घालून शोधणारीला नव्या तक्रारी दिसणारच नाहीत.

आता आम्ही प्रत्येक कात्रणाला दोन ओळी लिहितो. एकीत छापलेला शब्द, दुसरीत आमचा. दुसऱ्या ओळीवर भांडणं होतात. एका कात्रणावर ‘अपघात’ की ‘संशयास्पद मृत्यू’ यावर दुपारभर वाद झाला, ते अजून बाजूलाच पडलं आहे. या कामाला ज्यांना हात लावायचा असेल त्यांनी चहाच्या वेळी मला भेटावं.