बरोबर पोहोचण्याची शर्यत



शर्यत म्हटली की पहिला कोण आला, एवढेच आपण विचारतो. ब्रिटनमधील डोंगरांत १९६८ साली सुरू झालेली एक शर्यत मात्र निराळी आहे. ती दोन दिवसांची असते आणि जोडीने धावायची असते. तंबू, पांघरूण, शिधा सारे पाठीवर, वाट शोधायची नकाशा व होकायंत्रावर, मुक्काम डोंगरातच. प्रत्येक ठाण्यावर दोघांनी बरोबरच पोहोचले पाहिजे. एकाने हाय खाल्ली, की दुसऱ्याचीही शर्यत संपली! म्हणून जोडीदार दमला, की जाणता गडी त्याचे ओझे स्वतःच्या पाठीवर घेतो. त्यात उपकार नसतो, हिशेब असतो.

मित्रहो, दरवर्षी माझ्या वर्गातून कोणीतरी मध्येच गळतो. त्याच्याच बाकावरचा मुलगा पहिला येतो आणि आपण टाळ्या वाजवतो. त्या टाळ्या वाजवताना माझे हात अडखळतात. बाकावरच्या सोबत्याला गणित अडले, तर रोज पंधरा मिनिटे त्याच्यासाठी काढा. पालकहो, थोरल्याचे गुण विचाराल तेव्हा धाकटी कुठवर आली, हेही विचारा. मागे राहिलेल्यासाठी थांबणे म्हणजे हरणे नव्हे.