मुक्या लेंकरांची साक्ष
(धर्मग्रामाच्या जयंतीनिमित्त परिचारिका व पालक यांच्या सभेंत दिलेलें भाषण)



यरीहोच्या वाटेवर घायाळ होऊन पडलेल्या मनुष्याजवळून याजक गेला, लेवी गेला; थांबला तो शोमरोनी. जयंतीच्या या आनंदांत आम्हांस अशाच एका थांबणाऱ्याविषयीं बोलावयाचें आहे. ती म्हणजे दवाखान्यांतील सिस्टर. घरांत अगर शाळेंत पीडिलेलें मूल बहुधा आपण होऊन बोलत नाहीं. त्याची जखम पुष्कळदां प्रथम तिच्याच दृष्टीस पडते.

हें दुःख दूर देशींचें नव्हे. २०१६ सालच्या नोव्हेंबरांत आपल्याच बुलढाणा जिल्ह्यांत, खामगांव तालुक्यांतील पाळा येथील आश्रमशाळेंत, आदिवासी मुलींवर अत्याचार झाल्याची फिर्याद पुढें आली. दिवाळीच्या सुटींत घरीं गेल्यावर ही गोष्ट बाहेर फुटली. तोंवर भिंतींआड सर्व शांत होतें.

सिस्टरनें काय पाहावें? खेळणाऱ्या मुलाचे गुडघे व नडग्या फुटावयाच्याच. परंतु कान, मान, पोट वा पाठ यांवरील वळ निराळी कथा सांगतात. जें तान्हें अद्याप रांगतही नाहीं, त्याच्या अंगावर काळानिळा डाग कोठून यावा? गरम पाण्यानें भाजलेला भाग मोजा घातल्यासारखा सरळ रेषेंत संपतो काय? सांगितलेली हकीकत जखमेशीं जुळते काय? आणावयास उशीर कां झाला? एका खुणेवरून कोणास अपराधी ठरवूं नये. पण संशय आल्यावर डोळेही मिटूं नयेत.

मग करावें काय? प्रथम उपचार. मुलाला धीर द्यावा; ‘कोणाला सांगणार नाहीं’ असें वचन मात्र देऊं नये. खोदखोदून विचारूं नये. तें बोलेल तें त्याच्याच शब्दांत टिपून डॉक्टरांस कळवावें. लैंगिक अत्याचाराविषयीं २०१२ चा पोक्सो कायदा स्पष्ट आहे: ज्यास तो कळला, त्यानें पोलिसांस कळविलेंच पाहिजे, न कळविणें हा दंडनीय अपराध होय. फिर्याद नोंदली नसली तरी तपासणी व्हावी, व मुलीची तपासणी स्त्री-डॉक्टरनेंच करावी, असेंही त्यांत आहे. मारहाण वा हयगय असल्यास जिल्ह्याच्या बालकल्याण समितीस कळवितां येतें. १०९८ हा बालकांच्या साह्याचा दूरध्वनि-क्रमांक घरोघरीं ठाऊक असावा. गुन्हा शाबीत करणें न्यायालयाचें काम, कळविणें आपलें.

खरी कसोटी येथेंच आहे. सिस्टरनें कळविलें कीं नातलग तिच्या दारीं येतात. ‘घराण्याची अब्रू जाईल, मुलीचें लग्न कसें होईल’ म्हणतात, आणि मध्यस्थीसाठीं धर्मगुरूंकडे धांव घेतात. आम्ही उघड सांगतों: अशी मध्यस्थी आम्ही करणार नाहीं. आरोप पुढाऱ्यावर असो, शिक्षकावर असो, अथवा आमच्यासारख्या झगा घालणाऱ्यावर असो, तिला गप्प बसविण्याचा अधिकार आम्हांस नाहीं. ख्रिस्तसभेंतही अशा मौनानें लेंकरांचें घोर नुकसान झालें आहे. म्हणूनच पोप फ्रान्सिस यांनीं २०१९ सालीं, अशी गोष्ट कळल्यास धर्मगुरूंनीं व व्रतस्थांनीं ती धर्माधिकाऱ्यांस कळविलीच पाहिजे, असा नियम घालून दिला. पोलिसांस कळविण्याचें कर्तव्य त्यानें टळत नाहीं.

अब्रू लेंकराची जात नाहीं. जाते ती पीडणाऱ्याची. आपल्या ज्या कन्या दवाखान्यांत सेवा करितात, त्यांस आमची विनंति एवढीच: थांबा, पाहा, लिहा, कळवा. आणि पालकहो, त्या संकटांत सांपडल्या तर त्यांच्या पाठीशीं उभे राहा. प्रभु आपणां सर्वांस तें धैर्य देवो. आमेन.