गिअर बसत नाही म्हणून सायकल भंगारात घालू नका

आज बचत नाही, कर्जाचा हप्ता नाही, आज सायकल. हसू नका, ऐका तर खरं.

मानव विकास योजनेतून शाळेच्या पोरींना सायकल मिळते ती साधी, बिनगिअरची. तिचं दुखणं पंक्चरपुरतं. पण आता गटातल्या बऱ्याच घरांत जाड टायरची, एकवीस गिअरची सायकल दिसते. ती मुळात पोरासाठी घेतलेली असते. पोरगा मोटारसायकलवर गेला की ती बहिणीच्या वाट्याला येते, आणि येते तीच गिअर बिघडून.

आपला मुलूख बालाघाटाचा. तुळजापूरचा घाट म्हणा, येडशीकडचा रस्ता म्हणा, चढ चुकत नाही. चढावर जोर लावला आणि चेन खटकन सरकली की पाय मोकळा सुटतो, पोरगी दांडीवर आपटते. दोनदा असं झालं की घरात ठरतं, नको ती सायकल आणि नको ते लांबचं कॉलेज. आम्ही गटाच्या बैठकांत हे ऐकतो तेव्हा जीव जळतो. कारण बहुतेक वेळा दोष एका वायरीचा असतो.

हे यंत्र समजायला सोपं आहे. मागच्या चाकाला लहान-मोठ्या दातेरी चकत्या असतात, त्याला फ्रीव्हील म्हणतात. त्याच्याखाली दोन छोट्या चाकांचा एक लोंबता हात असतो, तो डिरेलर. हँडलवरचं बटण दाबलं की वायर ओढली जाते, डिरेलर सरकतो आणि चेनला दुसऱ्या चकतीवर नेतो. पूर्वी किती ओढायचं ते चालवणाऱ्यानं अंदाजानं ठरवायचं. १९८४ साली जपानच्या शिमानो कंपनीनं ‘टक्’ आवाजाची पद्धत आणली. एका टक्‌ला वायर ठरावीकच ओढली जाते. म्हणून वायर थोडी जरी सैल झाली तरी टक् वाजतो, पण चेन पोचत नाही. कासरा ढिला असला की बैल वळत नाही, तसंच.

आता हात लावू. ओढणी, पदर खोचून घ्या, बोटं चेनपासून लांब ठेवा. सायकल उलटी करून सीट आणि हँडलवर उभी करा.

आधी घाण. आपली काळी माती पावसात चकत्यांमध्ये बसते आणि वाळली की दगड होते. जुन्या लुगड्याच्या फडक्याला रॉकेल किंवा डिझेल लावून चेन पुसा, चुलीपासून लांब बसून. मग चेनचं तेल थेंबथेंब सोडा आणि वरवरचं पुसून टाका. खायचं तेल घालू नका, ते चिकट होऊन धूळ धरतं.

मग चाकाच्या मागं बसून डिरेलरकडे बघा. त्याची दोन्ही चाकं चकतीच्या सरळ रेषेत हवीत. सायकल उजव्या अंगावर पडली असेल तर ज्या पट्टीवर डिरेलर बसतो ती आत वाकते. ती वाकली असेल तर वायर कितीही जुळवा, गिअर बसणार नाही. ती मिस्त्रीकडूनच सरळ करून घ्या आणि तोवर मोठ्या चकतीवर चेन नेऊ नका. डिरेलर चाकाच्या तारांत अडकला तर चाक जागीच थांबतं.

पट्टी सरळ असेल तर वायर. तिचे धागे तुटलेत का, गंज आहे का, वरचं प्लॅस्टिकचं कव्हर कुठं मोडलंय का ते बघा. असेल तर वायर आणि कव्हर दोन्ही बदला.

वायर चांगली असेल तर फक्त ताण जुळवायचा. कव्हर जिथं डिरेलरात शिरतं तिथं बोटांनी फिरणारा एक पोकळ बोल्ट असतो, काही सायकलींना तो हँडलच्या बटणापाशी असतो. तो बाहेर येईल असा फिरवला की वायर ताणते, आत गेला की सैल पडते. चेन सगळ्यात लहान चकतीवर आणा. एक टक् द्या आणि हातानं पॅडल फिरवा. चेन दुसऱ्या चकतीवर चढत नसेल तर बोल्ट अर्धा फेरा बाहेर. चढली, पण तिसरीला घासून कटकट करत असेल तर अर्धा फेरा आत. पुन्हा बघा. घाई करायची नाही, भाकरीच्या पिठात पाणी घालतो तसं थोडं थोडं. दुसरी बसली की बाकीच्या बहुतेक आपोआप बसतात.

डिरेलरवर एच आणि एल असे दोन स्क्रू दिसतील. त्यांना उगीच हात लावू नका. डिरेलरनं दोन्ही टोकांना कुठं थांबायचं एवढंच ते ठरवतात. चेन मोठ्या चकतीच्या पलीकडे तारांकडे पडत असेल तरच एलचं काम, आणि तेही जाणत्यासमोर.

सगळं करूनही चढावर चेन उडत असेल तर ती झिजलेली असते. स्टीलची पट्टी घ्या. एका पिनेच्या मध्यावर शून्य ठेवून पुढच्या चोवीस पिना मोजा. नव्या चेनची चोविसावी पिन बरोबर १२ इंचावर येते. अर्धं सूत पुढं गेली तर चेन बदला. पूर्ण एक सूत गेली असेल तर फ्रीव्हीलही गेलं समजा.

काही दुकानदार सायकल बघितल्या बघितल्या ‘पूर्ण सेट बदला’ म्हणतात. त्यांना म्हणायचं, भाऊ, आधी वायर बदलून दाखवा. शांतपणे म्हणायचं, पण म्हणायचं.

चालवणारीलाही दोन गोष्टी सांगा. चढ लागल्यावर नाही, लागायच्या आधी गिअर हलका करायचा, आणि बदलताना पायाचा जोर क्षणभर कमी करायचा. पुढची मोठी चकती आणि मागचीही मोठी, असं एकत्र चालवायचं नाही, चेन तिरकी ओढली जाते.

पुढच्या मासिक बैठकीला ज्यांच्या घरी अशी सायकल आहे त्यांनी ती घेऊन या, आणि चालवणाऱ्या पोरीलाही आणा. पाना, ॲलन की आणि तेल गटाच्या पेटीत असेल. फडकं घरून आणा.